विजयदुर्गचे ग्रहण आणि हेलियमची जन्मतारीख

शहाद्याहून समुद्र लांब. त्यामुळे कोकणच्या सहलीत विजयदुर्गचे आकर्षण मोठे. देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या मुखाशी वसलेले हे छोटे गाव. किल्ल्यावरच्या दगडी कट्ट्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी इथूनच हेलियम शोधला, असे सांगितले जाते. आम्हीही वर्गात तसेच सांगत आलो. मग एकदा तारखा ओळीने मांडल्या, आणि हिशेब जुळेना.

१८६८च्या त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्येच होते. त्यांनी मागवलेला नवा वर्णपटदर्शक अजून हाती आला नव्हता. भारतात आले होते ते फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन, आणि तेही विजयदुर्गला नव्हे, आंध्रातल्या गुंटूरला. सौरज्वालांच्या वर्णपटातल्या रेषा त्यांना इतक्या तेजस्वी दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसाव्यात असे त्यांना वाटले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते करून दाखवले. २० ऑक्टोबरला लॉकियर यांनी इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे तेच साधले. दोघांच्या वार्ता पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचल्या. फ्रेंच सरकारने पुढे एकाच पदकावर दोघांचे चेहरे कोरले.

या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला येतात, ही ५८७.६ला. फरक लहान, पण ती सोडियमची नाही हे ठरवायला पुरेसा. पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी तिचा मेळ बसेना. म्हणून लॉकियर यांनी नवे मूलद्रव्य कल्पिले. ‘हेलियॉस’ म्हणजे ग्रीक भाषेत सूर्य; त्यावरून ‘हेलियम’ हे नाव आले. अनेकांचा यावर विश्वास बसला नाही. १८९५मध्ये रॅम्झे यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली, तेव्हा शंका मिटली.

मग विजयदुर्गचा संबंध कुठे येतो? लॉकियर तिथे खरोखरच आले होते, पण २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरचे अधिकारी व खलाशी त्यांच्या मदतीला होते. ग्रहणाच्या मोजक्या क्षणांत सूर्याच्या बाह्य आवरणांच्या वर्णपटाची छायाचित्रे घ्यायची, हा मुख्य उद्देश. आपल्या शहाद्याला त्या दिवशी ग्रहण खंडग्रासच दिसले असणार, कारण खग्रासचा पट्टा बराच दक्षिणेकडून गेला.

म्हणजे गावाची आठवण पोकळ नाही. साहेब आला, ग्रहण झाले, दुर्बिणी लागल्या. फक्त तीस वर्षांच्या अंतराची दोन ग्रहणे लोकांच्या स्मृतीत एक झाली. विजयदुर्गचा मान त्यामुळे कमी होत नाही. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो, तो जरूर व्हावा; पण विद्यार्थ्यांना दोन्ही तारखा फळ्यावर लिहून द्याव्यात आणि विचारावे : १८६८मध्ये लॉकियर कुठे होते? उत्तर शोधता शोधता, ऐकलेली गोष्ट पडताळायची कशी, हे मुले आपोआप शिकतील. आम्हालाही ते तसेच कळले.