सरिस्का : कागदावर उरलेले वाघ

१/४
भारतात व्याघ्रप्रकल्प १९७३ साली सुरू झाला. राजस्थानातील सरिस्काचे जंगल १९७८ साली त्यात समाविष्ट झाले.

२/४
त्या काळी वाघांची गणना पंजांच्या ठशांवरून होई. परंतु माती बदलली की ठसा बदलतो. एकाच वाघाची नोंद अनेकदा होऊ शके. सरकारी दप्तरात वाघ नांदत राहिले, रानात मात्र चोरटे शिकारी त्यांना टिपत होते.

३/४
२००५ साली सत्य उघड झाले : सरिस्कात एकही वाघ उरला नव्हता.

४/४
या धक्क्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले. गणनेसाठी स्वयंचलित कॅमेरे आले, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. २००८ साली रणथंबोरचा वाघ हेलिकॉप्टरने सरिस्कात आणला गेला. रिकाम्या रानात पुन्हा ठसे उमटले. या वेळी त्यामागे खरा वाघ होता.