‘@इन्जेक्ट’ : एका खुणेचा इतिहास

शाळेचा निकाल लावणारी एखादी आज्ञावली घ्या. तिच्यात ‘निकालपत्रक’ आणि ‘गुणनोंदवही’ असे दोन क्लास आहेत. निकालपत्रक आपल्याला लागणारी नोंदवही स्वतःच तयार करू लागले, तर दोघांची गाठ पक्की बसते. मग दहा काल्पनिक विद्यार्थ्यांचे गुण देऊन बेरीज तपासायची म्हटली, तरी निकालपत्रकाचा मजकूर बदलावा लागतो. त्यापेक्षा नोंदवही बाहेरून त्याच्या हाती द्यावी, ही कल्पना तशी जुनीच. जानेवारी २००४ मध्ये मार्टिन फाउलर यांनी एका लेखात तिला ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ असे नाव दिले.

पण कोणाला काय द्यायचे, हे लिहून कोठे ठेवायचे? रॉड जॉन्सन यांच्या २००२ मधील पुस्तकातून ‘स्प्रिंग’ ही जावा भाषेसाठीची चौकट उभी राहिली. वस्तू तयार करून एकमेकींना जोडून देणे हे या चौकटीचे काम. या जोडण्या सुरुवातीला प्रामुख्याने वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहीत. त्यामुळे जावाचा मजकूर स्वच्छ राही. फाइल मात्र फुगत जाई. शिवाय तिच्यात क्लासच्या नावातले एक अक्षर चुकले, तर कम्पायलरला त्याचा पत्ताच नसे. चूक उघडकीस येई ती आज्ञावली चालू केल्यावर!

सप्टेंबर २००४ मध्ये जावाच्या पाचव्या आवृत्तीत अ‍ॅनोटेशन आले. ‘@’ या चिन्हाने सुरू होणारी ही खूण म्हणजे वहीच्या समासातला शेरा. ती स्वतः काहीच करत नाही. वाचणारा असेल तरच तिचा उपयोग. २००७ मध्ये गूगलमधील बॉब ली यांची ‘ज्यूस’ ही चौकट प्रसिद्ध झाली. ती ‘@इन्जेक्ट’ ही खूण वाचून हवी ती वस्तू पुरवी. त्याच वर्षी स्प्रिंगने ‘@ऑटोवायर्ड’ आणले.

येथे एक विचित्र पेच पडला. मोकळ्या राहायला हव्या त्या क्लासवरच आता चौकटीचा शिक्का बसला. स्प्रिंगची खूण ज्यूसला कळेना, ज्यूसची स्प्रिंगला. अवलंबन सैल करायला आणलेल्या साधनाने नवे अवलंबन जन्माला घातले होते. अखेर २००९ मध्ये ली आणि जॉन्सन या प्रतिस्पर्ध्यांनीच मिळून एक समाईक प्रमाण सुचवले आणि ते त्याच वर्षी मान्यही झाले. त्यात होत्या अवघ्या पाच खुणा आणि एक इंटरफेस. जोडण्या कशा ठरवायच्या, हे त्याने मुद्दाम प्रत्येक चौकटीवर सोडले. ते टिकले याचे श्रेय मी या आखूडपणालाच देईन.

पुढे २०१६ मध्ये स्प्रिंगच्या ४.३ या आवृत्तीने, क्लासला एकच कन्स्ट्रक्टर असेल तर त्यावर खूण करण्याचीही गरज ठेवली नाही.