पुनरुत्थानाचे साक्षीदार

१. पुनरुत्थित येशूला पाहिलेल्यांची सर्वांत जुनी यादी शुभवर्तमानांत नसून पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय १५, इ. स. ५५च्या सुमारास) आहे. तीत केफा (म्हणजे पेत्र), बारा शिष्य, याकोब आणि पाचशेहून अधिक बंधू येतात; या पाचशेंपैकी बहुतेक हयात असल्याचेही पौल नोंदवतो. मात्र रिकाम्या कबरीचा वा मग्दालीया मरीयेचा उल्लेख तो करत नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या शतकातील दोन्ही प्रमुख हस्तलिखितांत कथा भयभीत स्त्रियांच्या पळण्यापाशीच (१६:८) थांबते. दर्शनाचा प्रसंग त्यांत नाही. क्रूसावरील मृत्यूनंतर काही वर्षांतच शिष्यांची पुनरुत्थानावरील श्रद्धा दृढ झाली होती, एवढे इतिहास खात्रीने सांगतो. कबरीत काय घडले, याचा निवाडा त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. वाचकांनी या दोहोंची गल्लत करू नये. – संपा.