आभासी चलन : नियमन आणि गुंतवणूकदारांचे संरक्षण

बिटकॉइनसारखे आभासी चलन भारतात वैध चलन नाही. मात्र त्याच्या व्यवहारांवर सरसकट बंदीही नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांवर घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि हस्तांतरणावर १ टक्का उद्गम करकपात लागू झाली. मार्च २०२३ पासून या व्यवसायातील कंपन्यांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आणले गेले.

मराठवाड्याला या विषयाची झळ ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणातून बसली. दरमहा १० टक्के परताव्याच्या आमिषाने चाललेल्या या साखळी योजनेविरुद्ध पुणे, नांदेड इत्यादी ठिकाणी गुन्हे दाखल झाले. सूत्रधार अमित भारद्वाज याला २०१८ मध्ये अटक झाली. २०२२ मध्ये त्याचे निधन झाले. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला.

कर आकारला म्हणजे गुंतवणूक सुरक्षित झाली, असे नाही. या चलनाला बँकठेवींसारखे विमासंरक्षण नाही. महाराष्ट्राचा ठेवीदार हितसंरक्षण कायदा (१९९९) फसव्या योजनाचालकांची मालमत्ता जप्त करू देतो. पण ती विकून पैसे परत मिळण्यास वर्षे लागतात. त्यामुळे नांदेड-लातूरच्या गुंतवणूकदाराने हमखास परताव्याचे आश्वासन हीच धोक्याची खूण मानावी आणि ऑनलाइन फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.