चांद्याच्या वाचकासाठी एक मंगा

१६ ऑक्टोबर १९५६. नागपूरनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, धम्मदीक्षा दिली. या गावच्या वाचकाने मंगा हाती घ्यायची, तर माझी पहिली शिफारस ओसामु तेझुका यांच्या ‘बुद्ध’ची (१९७२–१९८३).

सिद्धार्थाच्या जन्माआधीच ही कथा चाप्रा या शूद्र मुलाची होते. जात लपवून तो सेनापतीचा दत्तक पुत्र बनतो आणि तेच गुपित त्याच्या जिवावर उठते. चाप्रा आणि तत्ता ही पात्रे काल्पनिक आहेत. त्यांना त्रिपिटकात शोधू नये. जातिव्यवस्थेकडे एका जपानी चित्रकाराने कसे पाहिले, याचे साधन म्हणून हा ग्रंथ वाचावा.

आता अडचण. पहिल्या खंडापासूनच नग्न चित्रे आहेत, निर्घृण हत्या आहेत, गंभीर प्रसंगी थट्टाही आहे. म्हणून शाळकरी भावंडाला देण्याआधी स्वतः वाचा. पाने गाळून देण्याच्या मात्र मी विरुद्ध आहे. चाप्राचा शेवट गाळला, की जातीचा प्रश्नच गळून पडतो. त्यापेक्षा दोन वर्षे थांबलेले बरे.

तोवर लहानग्यांना मोगली दाखवा. (दूरदर्शनवरची ती मालिका मुळात जपानी ॲनिमे होती!) मोठ्यांनी ‘बुद्ध’ संपवून भद्रावतीची विजासन लेणी पाहून यावीत.