कुत्र्याची नखे पूर्वी कोण कापत असे? कराड-साताऱ्याच्या इतिहासातून एक धागा

१/ आजच्या धाग्याचा विषय काहींना क्षुल्लक वाटेल : घरातील कुत्र्याच्या पिल्लाची नखे. परंतु हे काम माणसाकडे कधी आणि का आले, हे शोधू लागलो की राष्ट्रकूटांचा काळ, छत्रपती शाहूंचा दरबार आणि आपला गावगाडा या तिन्हींत डोकवावे लागते.

२/ प्रारंभ कराडपासून करू. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याचा इ.स. ९५९ चा ताम्रपट कराडला मिळाला, हे इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. याच सम्राटाच्या काळातील आणखी एक लेख कर्नाटकात आतकूर येथे मिळाला. तो शके ८७२ चा, म्हणजे इ.स. ९४९-५० चा. त्याचा अर्धा नायक आहे एक कुत्रा.

३/ तक्कोलमच्या लढाईत चोळांविरुद्ध पराक्रम गाजवणाऱ्या मणलेर या वीराला गंगराजा बूतुग म्हणाला, ‘हवे ते माग.’ मणलेराने राजाचा ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे एका रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि काळी दोघेही मेले. मणलेराने काळीच्या स्मरणार्थ शिळा उभारली आणि तिच्या पूजेसाठी जमीन दिली.

४/ कराडहून कृष्णेच्या काठाने उलट वर गेले की साताऱ्याजवळ संगम माहुली लागते. तेथे छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचे स्मारक दाखवले जाते. वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला होता. ग्रँट डफने नोंदवले आहे की महाराजांनी त्याला जहागिरीची सनद आणि पालखीचा मान दिला. सरदारांच्या भेटीच्या वेळी त्याला जरीवस्त्रे व दागिने घालून स्वतःची पगडीही त्याच्या डोक्यावर ठेवली.

५/ पालखी, जहागीर, शिळा, पूजा. कुत्र्याला एवढे सारे मिळाले. मग त्याची नखे कोण कापत असे? याचे उत्तर गावगाड्यात आहे.

६/ माणसाच्या नखांसाठी गावात न्हावी होता. तो बारा बलुतेदारांपैकी एक आणि नखे काढण्याची नराणी त्याच्या धोकटीत असे. घोड्याला नाल आणि बैलाला पत्री ठोकण्यासाठी नालबंद होता. कुत्र्याच्या नखांसाठी मात्र गावगाड्यात वेगळे बलुते नव्हते. कारण ते काम जमीन करत होती.

७/ मांजराची नखे आत ओढली जातात, कुत्र्याची जात नाहीत. चालताना ती सतत भुईला लागतात. सह्याद्रीचा काळा पाषाण, माळावरचा मुरूम, डोंगरवाटांचे खडे या साऱ्यांवर ती झिजत. धनगरांच्या कळपामागे मैलोन्‌मैल चालणारा राखणदार असो, की सांगली-सोलापूरच्या माळावर सशामागे धावणारा कारवानी असो, प्रत्येकाच्या पायाखाली कानस अंथरलेलीच होती.

८/ विसाव्या शतकात घराची भुई बदलली. शेणाने सारवलेल्या अंगणाच्या जागी शहाबादी फरशी आली, पुढे गुळगुळीत टाइल्स आल्या. आज कराड-मलकापूरच्या सदनिकेत वाढणारे पिल्लू दिवसाचा बहुतेक वेळ अशा जमिनीवर काढते. नख वाढण्याचा वेग पूर्वीचाच आहे. झीज तेवढी थांबली.

९/ परिणाम साधा नाही. लांब नख फरशीवर टेकले की बोट मागे ढकलले जाते, पंजाची ठेवण बिघडते, सांध्यांवर ताण येतो. पाय घसरतो. नख चादरीत अडकून मुळापासून उपटते. आतल्या बाजूचे अंगठ्याचे नख तर भुईला लागतच नाही. ते वाकून मांसात रुतू शकते.

१०/ म्हणून जमिनीने सोडलेले काम आता आपले आहे. नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत गाभा असतो. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो; त्याच्या सुमारे २ मिलिमीटर अलीकडे थांबावे. काळ्या नखात तो दिसत नाही, म्हणून कागदाएवढे पातळ काप घ्यावेत. कापलेल्या पृष्ठाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसला की तेथेच थांबावे. नख फार वाढले तर गाभाही लांबतो. थोडे थोडे वरचेवर कापत गेल्यास तो हळूहळू मागे सरतो.

११/ कात्री हाती घेण्यापूर्वी काही दिवस केवळ पंजे हाताळावेत आणि प्रत्येक वेळी खाऊ द्यावा. मग कुत्र्यांसाठीची धारदार कात्री घेऊन बोट हलकेच धरावे आणि एका बैठकीत दोनतीनच नखे कापावीत. पिल्लांची नखे आठवड्या-दोन आठवड्यांनी पाहावीत. फरशीवर टकटक ऐकू येऊ लागली, की नखे वाढली असे समजावे. चुकून रक्त आलेच, तर रक्त थांबवणारी पूड किंवा कॉर्नफ्लोअर काही मिनिटे दाबून धरावे. दहा मिनिटांनंतरही रक्त थांबले नाही, तर पशुवैद्यकाकडे न्यावे.

१२/ आता मूळ मुद्दा : बळजबरी करू नये. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ सरमेच्या पिल्लाला विनाकारण मारतात. पिल्लू आईपाशी रडत जाते, सरमा यज्ञमंडपात येऊन विचारते, ‘याचा अपराध काय?’ उत्तर कोणाकडेच नसते, आणि राजाला तिचा शाप लागतो. पंजा दाबून धरलेल्या पिल्लाचाही प्रश्न तोच असतो. एकदा दुखावलेले पिल्लू पुढे अनेक वर्षे कात्री पाहताच पलंगाखाली शिरते. मग त्याची नखे वाढतच जातात आणि दुखणे त्यालाच भोगावे लागते.

१३/ काळीला शिळा मिळाली, शाहूंच्या कुत्र्याला पालखी मिळाली. परंतु हे मान त्यांना जीव पणाला लावल्यावर मिळाले. आपल्या घरातील पिल्लाने कोणताही वाघ अडवलेला नाही. त्याची नखे कापायला तेवढा पराक्रम लागत नाही. आपण त्याला मुरमाच्या माळावरून फरशीवर आणले, एवढे कारण पुरेसे आहे.

माहुलीला कधी गेलात, तर संगमावरच्या त्या स्मारकापाशी थोडे थांबा. #इतिहासधागा #कराड #सातारा