पांढरे ठिपके आणि तीन दिवसांचा हिशेब

घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत नवा मासा सोडल्यावर कधी कधी माशांच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके उमटतात. काही दिवसांत ते नाहीसे होतात आणि आपण निश्चिंत होतो. पण संकट टळलेले नसते.

जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ साली समुद्री माशांच्या या रोगाचे वर्णन केले. १९५१ साली लंडनमध्ये ब्राउन यांनी त्याला कारण असणाऱ्या एकपेशीय परजीवीचे 'क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स' असे नामकरण केले. तांब्याच्या क्षारांनी पाण्यात पोहणारी त्याची पिले मरतात. पण त्वचेत रुतलेला परजीवी वाचतो आणि टाकीतले प्रवाळ, कोळंब्या मात्र दगावतात.

मग उपाय कोणता? तो परजीवीच्या जीवनचक्रातच सापडला. पोट भरले की परजीवी माशावरून गळतो, तळाशी कवचात शिरतो आणि विभाजनाने अनेक पिले तयार करतो. पिले बाहेर पडायला सहसा तीन दिवसांहून अधिक काळ लागतो. इस्राएलमधील एलात येथे काम करणाऱ्या कोलोर्नी यांनी १९८७ साली हाच हिशेब मांडला: दर तीन दिवसांनी, असे चार वेळा, मासे स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत नव्या पाण्यात हलवायचे. गळलेले परजीवी मागे राहतात. मूळ टाकी कित्येक आठवडे माशांविना ठेवली, की यजमान न मिळाल्याने तिथली पिलेही मरतात.

जीवनचक्राची आकृती फळ्यावर काढताना हे उदाहरण जरूर सांगावे. इथे मासा वाचतो तो त्या आकृतीतल्या दिवसांच्या आकड्यांमुळे.